रॅपवाला येतोय गावात, आणि मुलगी विचारतेय, "जाऊ?"

परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी मेथीची जुडी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. जुडी अर्धी निवडून झाली असेल नसेल, तोच एकदम म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग मला सांगा, हे रॅप म्हणजे नक्की काय असतं? आणि ते ऐकायला रात्री मुलीला सोडावं का?"

प्रश्न काही आकाशातून पडला नव्हता. गेले आठ दिवस एसटी स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लागलाय. काळा गॉगल, गळ्यात जाड साखळी, हात पुढे करून उभा असलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा. खाली 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' आणि त्याच्या खाली कार्यक्रम ठेवणाऱ्या दादा-भाऊंचे ओळीने नऊ फोटो. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा मुलगा खोलीत बसून मोबाइलवर गाणी टाकत होता म्हणे. आता त्याला बघायला चार तालुक्यांतली पोरं येणार आहेत. त्याचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. आमच्याकडे हा येतोय, तुमच्याकडे दुसरा कोणी येईल. घराघरात होणारी बोलणी मात्र तीच असणार.

वहिनींना दोन मुलं. मोठा कॉलेजात, धाकटी बारावीला. मोठ्याने फ्लेक्स लागला त्याच दिवशी जाहीर केलं, "शनिवारी मी उशिरा येईन." विषय संपला. धाकटीने चार दिवस घुटमळून, आईचा मूड बघून, चहा करून देऊन मग विचारलं, "आई, जाऊ?" मुलगा कळवतो आणि मुलगी विचारते, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय, की वहिनींनाही ते मी बोलून दाखवेपर्यंत जाणवलं नव्हतं. जाणवल्यावर त्या गप्प झाल्या आणि मेथी भराभर निवडू लागल्या.

तर मैत्रिणींनो, आधी रॅप म्हणजे काय ते बघू. कारण 'नाही' म्हणायचं असलं तरी ते कशाला म्हणतोय हे माहीत असलेलं बरं.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोलणं. सूर कमी, शब्द जास्त. मागे एक ताल सतत चालू असतो, त्याला ही मुलं 'बीट' म्हणतात. त्या तालावर यमकं जुळवत, कधी सावकाश, कधी श्वास न घेता, आपली कथा सांगायची. आपली म्हणजे स्वतःची, राजाराणीची नाही. माझी गल्ली, माझी शाळा, माझा बाप, माझ्या खिशात नसलेले पैसे. गळा गोड नसला तरी चालतो, पेटी-तबल्याची गरज नाही, क्लासची फी नाही. म्हणूनच ते गरीब वस्तीत जन्मलं आणि गरीब वस्तीतूनच जगभर पसरलं.

ते जन्मलं तेही एका मुलीमुळे, हे मला वाचून समजलं तेव्हा गंमत वाटली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात जमैकाहून आलेलं कॅम्पबेल नावाचं कुटुंब राहत होतं. त्यातल्या सिंडी नावाच्या शाळकरी मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि हातात पैसे नव्हते. तिने बिल्डिंगमधला सामायिक हॉल भाड्याने घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली आणि ११ ऑगस्ट १९७३ ला पार्टी ठेवली. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचा आणि त्यावर माइकवरून बोलायचं, ही त्याची पद्धत. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून आज जगभर हाच दिवस मानतात. नाव भावाचं झालं. हॉलचं भाडं, तिकिटाचे दर आणि आमंत्रणं बघणारी बहीण मात्र आत्ता-आत्तापर्यंत तळटीपेत होती. कुठल्याही घरच्या कार्यासारखंच की हे!

पुढे १९७९ साली रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आणलं, तेही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईने. ती स्वतः गायिका होती आणि रेकॉर्ड कंपनी चालवत होती. आणि २०१८ मध्ये केंड्रिक लामार या रॅपरच्या 'डॅम' या अल्बमला संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांचीही थोडी पंचाईत झाली.

"म्हणजे परदेशी खूळ," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा. उखाणा घेताना तुम्ही काय करता? सगळ्यांसमोर उभं राहून, यमक जुळवून, आपल्या माणसाचं नाव सांगता. त्यात चिमटा काढता, सासूला टोमणा मारता आणि सगळ्या हसल्या की खाली बसता. कलगी-तुऱ्याच्या फडात दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना कवनातून कोडी घालायचे आणि समोरच्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. रॅपवाली मुलं त्यालाच 'बॅटल' म्हणतात. आणि जात्यावरची ओवी? पहाटे दळताना जात्याची घरघर हाच ताल. त्यावर बाई काय बोलायची? सासुरवास, भावाची वाट, नवऱ्याचा मार, पाऊस, विठ्ठल. जे दिवसा कुणाला सांगता येत नव्हतं ते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक आता 'पारी' या संग्रहात घरबसल्या ऐकता येतात. बहिणाबाईंची गाणीसुद्धा अशीच. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या रचत गेल्या, मुलाने आणि मावसभावाने उतरवून ठेवली आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यानंतर, १९५२ साली. ओवी म्हणजे रॅप असं मी म्हणणार नाही. जात्यापाशी ऐकायला फार तर शेजारीण असायची. रॅपला समोर हजार माणसं लागतात. पण ठेका धरून मनातलं बाहेर काढायचं हे काम आपल्या बायकांना नवीन नाही, एवढं नक्की.

मुंबईच्या गल्ल्यांतलं रॅप सगळ्यांना माहीत झालं ते २०१९ मध्ये झोया अख्तरच्या 'गली बॉय' सिनेमामुळे. त्याच्या आधी २०१५ मध्येच डिव्हाइन आणि नेझी या दोन मुलांचं 'मेरे गली में' गाजलं होतं. मराठीतही आता ही मंडळी पुष्कळ आहेत. 'स्वदेसी' नावाच्या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरे जंगलातल्या वारली पाड्यांवर या गटाने २०१९ मध्ये तिथलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर तर आपलं नावच '१०० आरबीएच' असं लिहितो. शंभरला हिंदीत सौ, आणि पुढे आर-बी-एच, झाला सौरभ! २०२३ मध्ये तो टीव्हीवरच्या 'हसल' या रॅपच्या स्पर्धेत दिसला आणि विदर्भातल्या पोरांना वाटलं, मुंबईला न जन्मताही हे जमतं. २०२४ मध्ये श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांच्या 'तांबडी चामडी'वर तर ज्यांना मराठीचा म कळत नाही असे परदेशी लोकही नाचले.

मुली? आहेत. कमी आहेत, पण आहेत. सृष्टी तावडे ही मुंबईची मराठी मुलगी २०२२ च्या 'हसल'मध्ये 'मैं नहीं तो कौन' हे रॅप घेऊन उभी राहिली आणि घराघरात पोचली. माही जी या नावाने रॅप करणारी मधुरा घाणे महादेव कोळी समाजातली. तिच्या गाण्यांत जंगल, पाणी, आदिवासी माणसाचं जगणं येतं. सृष्टीचं गाणं वहिनींच्या धाकटीला पाठ आहे. भांडी घासताना म्हणते. वहिनींना वाटायचं, पोरगी सारखी पुटपुटते काय!

इथवर सगळं छान. पण मी वकिली करायला बसलेली नाही. रॅपची दुसरी बाजू वहिनींनी मोबाइलवर ऐकली होती, आणि म्हणूनच त्या घाबरल्या होत्या. काही गाण्यांत आईबहिणीवरून शिव्या, बाई म्हणजे गाडी-घड्याळासारखी मिरवायची वस्तू, दारूचं कौतुक. हे खोटं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरलेला असताना ३१ डिसेंबरच्या रात्री गुडगावच्या एका हॉटेलात हनी सिंगचा कार्यक्रम होता. त्याच्या नावावर फिरणाऱ्या, बलात्काराची फुशारकी मारणाऱ्या एका गाण्यावरून लोक चिडले, हजारो सह्यांचं निवेदन गेलं आणि हॉटेलने कार्यक्रम रद्द केला. ते गाणं माझं नाहीच, असं त्याने तेव्हाही सांगितलं आणि नंतरही. गाणं कुणाचंही असो, ते वर्षानुवर्षं लोकांच्या मोबाइलमध्ये होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं, हे मला त्यातलं जास्त भयंकर वाटतं.

मात्र एक सांगते, राग मानू नका. आपल्या वरातीत, हळदीत डीजेवर जी गाणी वाजतात त्यांचे शब्द कधी कान देऊन ऐकलेत? त्यावर आपण नऊवारी नेसून, लेकीसुनांना ओढून आणून नाचतो. तिथे आपल्याला अश्लील ऐकू येत नाही, कारण माणसं घरातली असतात. रॅपमधली शिवी ऐकू येते, कारण म्हणणारा पोरगा परका असतो आणि केस रंगवलेले असतात. दोन्हीकडे एकच कान लावावा. जो रॅपर येणार आहे त्याची चार गाणी मुलीसोबत बसून ऐका. वहिनींनी ऐकली. दोन आवडली, एक समजलं नाही, आणि एकावर त्यांनी मुलीला विचारलं, "हे असलं बोलणारा मुलगा तुला स्थळ म्हणून चालेल का गं?" त्यावर मुलगी म्हणाली, "आई, मी त्याला ऐकायला जातेय, बघायला नाही." वहिनी हसल्या. पण ते चौथं गाणं मुलीने त्यानंतर मोबाइलमधून काढून टाकलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि वहिनींनीही विचारलं नाही.

शब्दांवरून आठवलं. रॅपवर संकट येतं ते नेहमी अश्लीलतेसाठी येतं असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर, सत्ताधाऱ्यांची टर उडवणाऱ्या त्याच्या मराठी रॅपवरून, अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला होता. बाईबद्दल वाटेल ते बोललेलं वर्षानुवर्षं खपलं आणि पुढाऱ्यांबद्दल बोललेलं आठवड्याभरात टोचलं. आमच्या फ्लेक्सवरचे नऊ फोटो बघता शनिवारी कोणती गाणी होणार नाहीत ते मी आत्ताच सांगू शकते.

असो. खरी काळजी मला गाण्याची नाहीच. काळजी आहे ती मैदानाची.

गर्दीत माणसं मरतात ती पायाखाली तुडवूनच, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तसं नसतं. चारी बाजूंनी इतका दाब येतो, की छाती फुलायला जागा राहत नाही आणि माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरच्या कार्यक्रमात असंच झालं. दहा जण गेले, त्यात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. गर्दीतून मदतीसाठी ओरडणं चालू असताना गाणं पुढे बराच वेळ सुरूच राहिलं.

इतकं लांब कशाला? २५ नोव्हेंबर २०२३ ला केरळात कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात टेकफेस्टमध्ये निकिता गांधी या गायिकेचा कार्यक्रम व्हायचा होता. उघडं प्रेक्षागृह, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. बाहेर ताटकळलेली गर्दी पाऊस आल्यावर आडोशासाठी एकदम आत घुसली, पायऱ्यांवर माणसांवर माणसं पडली आणि चार जण गेले. गाणं सुरूही झालं नव्हतं. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नझरुल मंचात गायक केके कॉलेजच्या कार्यक्रमात गायला, अडीच हजारांच्या जागेत त्याहून कितीतरी जास्त माणसं कोंबलेली होती, आत घुसमट होत होती. कार्यक्रमानंतर काही वेळातच तो गेला. त्याचा मृत्यू हृदयविकाराने झाला; पण त्या दाटीतून जिवंत बाहेर आलेली कॉलेजची मुलं तो उकाडा विसरली नसतील. आणि ४ जून २०२५ ला बंगळूरला क्रिकेटच्या विजयाचा सोहळा बघायला गेलेल्यांतले अकरा जण स्टेडियमच्या दाराशीच गेले. प्रवेश फुकट की पासवर, याचे उलटसुलट निरोप फिरत होते.

या फुकटात गोम आहे, मैत्रिणींनो. मोठ्या शहरांत तिकीट असतं. महाग असतं, कधी काळ्या बाजारातही जातं. पण तिकीट म्हणजे मोजणी. किती माणसं येणार हे निदान कागदावर माहीत असतं. आमच्यासारख्या गावात कार्यक्रम कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा, मंडळाचा, नाहीतर निवडणुकीच्या आधीचा. 'सर्वांना मुक्त प्रवेश' लिहिलं की भाऊंची छाती फुगते आणि येणाऱ्या माणसांचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. वर कलाकाराला यायला दोन तास उशीर. तोवर पोरं पुढे सरकत राहतात. त्यात हल्ली एक नवीन प्रकार आलाय: गाणं चढलं की गर्दीत मधे गोल मोकळा करायचा आणि खूण झाली की सगळ्यांनी आत झेपावून एकमेकांवर आदळायचं. याला 'मॉश पिट' म्हणतात. मुलांना ती मस्ती वाटते. मुलगी त्यात सापडली तर हाडांचं सोडा, गर्दीतले हात कुठे-कुठे जातात हे आपल्यातल्या प्रत्येकीला जत्रेपासून माहीत आहे.

मग नको सोडायला? वहिनींच्या नवऱ्याचं तेच मत पडलं. "मोठा जातोय ना, तो व्हिडिओ काढून आणेल, घरी बघ." मला हे उत्तर पटलं नाही. गर्दीत छाती दबते ती मुलाचीही दबते. धोका दोघांना असेल तर मोठ्यालाही दोन प्रश्न विचारायला हवे होते आणि ते कुणी विचारले नाहीत. आणि जो जास्तीचा धोका मुलीला आहे तो पुरुषांनी निर्माण केलेला असून त्याचा दंड मुलीने घरी बसून भरायचा, हा हिशेब आपण किती पिढ्या मांडणार?

वहिनींना मी म्हटलं, आपण आपल्या भिशीत विषय काढू. काढला. बावीसपैकी सात जणींच्या मुली 'जाऊ का' म्हणून मागे लागलेल्या निघाल्या. दोघींच्या मुली विचारायलाही घाबरत होत्या, ते त्यांना तिथेच कळलं. मग त्यातल्या पाच जणी आणि मी, अशा सहा जणी कार्यक्रम ठेवणाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांना वाटलं, विरोध करायला आलोत. ते म्हणाले, "ताई, काळजी करू नका, महिलांसाठी आपण वेगळा हळदीकुंकवाचा कार्यक्रम ठेवूच." आम्ही सांगितलं, हळदीकुंकू नको, मैदानाचा नकाशा दाखवा.

नकाशा नव्हता. मैदानाला दारं किती? तीन, पण दोन कुलूपबंद ठेवणार होते, फुकटे घुसतात म्हणून. प्रवेशच फुकट असताना फुकटे कोण, हे आम्हाला कळलं नाही. रुग्णवाहिका? "फोन केला की येते." मुलींसाठी स्वच्छतागृह? यावर खोलीत शांतता पसरली. सहा तास मैदानावर राहायचं आणि बाईला जायला जागा नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुली अशा कार्यक्रमाला जाताना दुपारपासून पाणी पीत नाहीत, मग गर्दीत चक्कर येऊन पडतात आणि लोक म्हणतात, मुली नाजूक! कार्यक्रम किती वाजता संपणार, यावर "रंगेल तसा" असं उत्तर आलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही; वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, हा शनिवार त्यात आहे का, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. ती तहसील कार्यालयात नोकरीला आहे. तेव्हा कुठे त्यांनी खुर्च्या मागवल्या.

पुढच्या दोन दिवसांत पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. तिथल्या बाई फौजदार मोकळेपणाने बोलल्या. तक्रार घेऊन बायका कार्यक्रमानंतर येतात, आधी कुणी येत नाही, म्हणाल्या. तिन्ही दारं उघडी राहणार, स्टेजच्या डाव्या बाजूला बायका-मुलींसाठी बांबू लावून वेगळी जागा होणार, दोन फिरती स्वच्छतागृहं येणार, असं ठरलंय. बांबूच्या कप्प्याबद्दल आमच्यातच वाद झाला. मला तो फारसा आवडलेला नाही. मुलींना कोपऱ्यात उभं करून बाकी मैदान मुलांना बहाल केल्यासारखं होतं. पण ज्यांच्या मुली जाणार आहेत त्यांना तो हवा होता, आणि त्यांच्यापुढे माझ्या तत्त्वाचं काय एवढं! फक्त तिथून स्टेज दिसलं पाहिजे, एवढं मी लावून धरलं. मैदानापासून स्टँडपर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे मात्र अजून बंदच आहेत. त्याबद्दल नगरपालिकेने 'बघतो' म्हटलंय.

परतीचा प्रश्न वेगळाच. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, ही मोठीच सोय. पण आमच्याकडून खेड्यांकडे शेवटची गाडी साडेआठला सुटते. अर्ध्या तिकिटाची गाडी रात्री नसेलच, तर बाहेरगावच्या मुलीने घरी जायचं कसं? म्हणून एक जीप ठरवलीय. ड्रायव्हर ओळखीचा आहे आणि पैसे सगळ्यांत वाटून.

मुलींना बसवून काही गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्याही कामी येतील. अगदी पुढे कठड्याला चिकटून उभं राहायचं नाही. मागून लोट आला की तिथून निघायला वाट नसते. आजूबाजूच्यांचे खांदे सतत लागायला लागले, मनाविरुद्ध पाय सरकायला लागले, की गाणं कितीही आवडतं असलं तरी तिथून निघायचं. निघताना लोटाच्या उलट्या दिशेला झुंजायचं नाही, तिरकं-तिरकं कडेला सरकायचं. दोन्ही हात छातीसमोर, बॉक्सिंगवाल्यासारखे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. खाली पडलेला मोबाइल उचलायला वाकायचं नाही, गेला तर गेला. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवायची. आमची आहे वाचनालयाची पायरी. कुणी अंगचटीला आलं तर गप्प बसायचं नाही, मोठ्याने ओरडायचं आणि बाहेर येऊन ११२ लावायचा. आणि हे सगळं घरी सांगितलं तर 'तरी मी म्हणत होते' असं आई म्हणणार नाही, हे सातही आयांनी मुलींसमोर कबूल केलंय. मला यातलं हेच सगळ्यांत कठीण वाटतं.

कानाचंही सांगते. मोठ्या स्पीकरजवळ तास-दीड तास उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहते. अशा कार्यक्रमांतला आवाज सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय. आमच्याकडे तो मोजणार कोण? मेडिकलच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घालावेत. कापसाने फारसं भागत नाही.

हे सगळं चालू असताना वहिनींच्या हाती धाकटीची एक वही लागली. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने स्वतः रॅप लिहिलीत. क्लासच्या सरांवर, एसटीच्या पासवर, पाळी आलेली असताना देवघराकडे जाऊ नको म्हणणाऱ्या आजीवर. आणि एक आईवर. आई सगळ्यांना विचारते काय खाणार, आईला कुणी विचारत नाही, असं काहीसं. वहिनींनी मला ते वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं आणि वही जिथे होती तिथे परत ठेवली.

मुख्य रॅपर येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून गावातल्या पोरांना दोन-दोन मिनिटं माइक देणार आहेत. नावं नोंदवायची यादी ऑफिसात भिंतीला लावलीय. आम्ही गेलो तेव्हा त्यात चौदा नावं होती, सगळी मुलांची. काल वहिनी एकट्याच जाऊन आल्या. पंधरावं नाव त्यांनी मुलीला न विचारता घातलंय, म्हणून आता घरी मायलेकींचा अबोला आहे. मुलगी म्हणते, माझी वही वाचलीस का? वहिनी म्हणतात, तू स्टेजवर चढतेस का नाही ते आधी सांग, मग वहीचं बघू.

जीप दहा जणांची आहे. सात मुली, दोन आया. दहावी जागा वहिनींनी माझ्या नावावर धरलीय आणि कानाचे बोळेही माझ्यासाठी त्यांनीच आणून ठेवलेत.